इदवालचा सूर

चॅपलच्या दारातच नेस्टा मावशीने नाक मुरडलं.

"काय गं ल्युनेद, मेंढ्यांत झोपली होतीस की काय? निदान आज तरी दुसरा कोट घालायचास!"

"एक मेंढी ओढ्यात अडकली होती, मावशी. ओढून काढली आणि तशीच आले."

"बस आता माझ्याशेजारी. दुसरं कोण बसवून घेणार तुला!"

ल्युनेद बसली. वेल्सच्या डोंगरातलं ते एवढंसं चॅपल, सत्तर माणसं आली की भरून जायचं. नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी सहाला दिवे मालवायचे, खिडक्यांत मेणबत्त्या लावायच्या. पाद्रीबाबा प्रार्थना म्हणून खाली बसले की पुढे कोण गाणार हे कुणी सांगत नसे. बाकांवरून दोघं-तिघं उठायची, पुढे जाऊन गायची आणि मुकाट्याने परत यायची. ना वाद्य, ना टाळ्या. प्रत्येक घराची आपली दोन गाणी, दोन फेऱ्यांत एकेक. पहिल्या फेरीत लागलेला क्रम दुसरीत बदलायचा नाही आणि एकदा झालेलं गाणं त्या संध्याकाळी पुन्हा कुणी गायचं नाही.

ल्युनेद आणि तिचा भाऊ इदवाल, दोघं वीस वर्षं जोडीने गात आले होते. जूनमध्ये उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि इदवाल गेला. रडून रडून ती दमली, पण खरं दुःख पुढेच होतं. त्याचा आवाज तिच्या मनातून निसटत चालला होता. त्याचं हसणं आठवायचं, कुत्र्याला घातलेल्या शिव्या आठवायच्या, पण गाताना तिच्या ओळीखाली धरलेला तो खालचा सूर काही केल्या कानाशी येईना. कुणी टेप करायला गेलं की हा तोंड मिटून बसायचा, हट्टी मेला! आज आपली ओळ एकटीने गायली तर त्याची ओळ आपोआप आठवेल, एवढ्या एका आशेवर ती आली होती.

तेगिद काका आणि त्यांचे दोन मुलगे गाऊन परत आले. पहिल्याच बाकावर बसणारे हे काका. कुठलं गाणं झालं नि कुठलं राहिलं, ते सगळं त्यांच्या डोक्यात असायचं.

त्यांच्यानंतर कुणी उठेना. ल्युनेदच्या मनात आलं, आपणच जावं, पण सगळ्यांच्या शेवटी गाऊ म्हणून ती बसून राहिली. शांतता लांबत गेली. पण कुणी खोकत नव्हतं, मागे वळून बघत नव्हतं. सगळे पुढच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. तेगिद काकांचा बूट फरशीवर हलकेच ताल धरत होता. मावशीने तिला कोपराने ढोसलं. मावशीचे डोळे वाहत होते. मेणबत्त्यांचा धूर लागला असेल म्हणून ल्युनेदने तिला रुमाल दिला.

मग काकांचा बूट थांबला आणि वरच्या मळ्यातल्या बहिणी गायला उठल्या.

सगळ्यांचं झाल्यावर ल्युनेद उठली. पुढे जाऊन उभी राहिली, डोळे मिटले आणि पहिली ओळ गायली. दुसरीला सुरुवात करते तोच तेगिद काकांनी हात वर केला.

"पोरी, हे झालंय."

"काय झालंय?"

"हे गाणं. मघाशीच झालं."

"कुणी गायलं? आमचं आहे ते!"

काका हातातली टोपी चुरगाळत राहिले. "असं काय करतेस? तू इथेच तर होतीस."

तिने मावशीकडे पाहिलं.

"इदवालने गं," मावशी म्हणाली. "एकटाच गात होता बिचारा. तू का उठत नाहीस म्हणून मी ढोसलं नाही का तुला?"

सत्तर चेहऱ्यांत थट्टेचा मागमूस नव्हता. ल्युनेद जागेवर येऊन बसली. सगळ्यांनी ऐकलं होतं, फक्त तिने नाही.

दुसरी फेरी सुरू झाली. तेगिद काका नि मुलगे गाऊन बसले.

पुन्हा शांतता.

ल्युनेद उठली. पुढे गेली आणि नेहमीसारखी उजवीकडे उभी राहिली. डावीकडे त्याची जागा सोडली. काकांचा बूट हलला तशी तिने दुसऱ्या गाण्यातली आपली ओळ उचलली.

ती गात होती आणि कान देत होती. खाली काही नव्हतं. फक्त तिचाच आवाज.

गा की रे गाढवा, ती मनात म्हणाली, मला ऐकू येईल असं गा.

बाकांवर माणसं रडत होती.

चार कडवी संपली. बूट थांबला.

ती परत आली आणि मावशीचा हात घट्ट धरला. "कसा होता गं आवाज? सांग ना."

"होता तसाच. भरदार. अगदी तुझ्या ओळीला धरून होता."

"आणखी?"

मावशीने हात सोडवून घेतला. पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत ती हळूच म्हणाली, "चारही कडवी झाली, पण त्याने मध्ये कुठेच श्वास घेतला नाही."