एकतीस नंबरची कार्डं

दुपारचं जेवण उरकून ओदीलने टेबल पुसलं आणि नकाशा पसरला. जूनमधल्या तीनशे किलोमीटरच्या सायकलफेरीचा मार्ग ती सोळा वर्षं आखत आली होती. फ्रान्सच्या सेव्हेन डोंगररांगेतला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात छळणारा मार्ग, असं क्लबातले लोक म्हणत. गेल्या वर्षी फेरी झालीच नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या फेरीत तिचा भाऊ ओबँ दरीत पडून गेला होता.

त्या दिवशी खिंडीतल्या थांब्यावर, सायकलस्वारांच्या वहीत पोहोचल्याचा शिक्का मारायला, ओदीलच बसली होती. थांबा चारला बंद व्हायचा. चारला तिने शिक्का पिशवीत टाकला आणि गाडी खाली घेतली. नियम सगळ्यांना सारखा, भाऊ असला तरी. ओबँ अकरा मिनिटांनी पोहोचला. एका मेंढपाळाने त्याला तिथे पाहिलं. गेलेला वेळ भरून काढायला तो उतारावर सुसाट सुटला आणि वळण चुकला.

यंदा ओदीलने खिंड टाळली. पेन्सिलीची रेघ तिने लाव्हर्न गावावरून नेली. तिथे शिक्का मारायला कॅफे नव्हता. अशा गावातून स्वाराने मार्ग आखणाऱ्याला पोस्टकार्ड टाकायचं, त्यावर आपला नंबर आणि वेळ लिहायची, अशी क्लबाची रीत होती. पोस्टाचा शिक्का हाच पुरावा.

फेरी अजून व्हायची होती, तरी तिसऱ्या दिवशी लाव्हर्नचं कार्ड आलं. नंबर एकतीस, ओबँचा. दोन वाजून वीस मिनिटं. अक्षरही त्याचंच.

संध्याकाळी भावाची मुलगी माएल आली, तेव्हा ओदीलने कार्ड तिच्यापुढे टाकलं.

"ही कसली थट्टा, माएल?"

"मी कशाला करू? मार्ग तू मला सांगितलास तरी का?"

"मग कोणी..."

"मला काय विचारतेस, आत्या? पोहोचण्याच्या वेळा लिहून ठेवणारी तू."

ओदीलने कार्ड उचलून खणात टाकलं. रात्री तिने रेघ खोडली आणि दुसऱ्या गावावरून नेली, व्हिलसेकवरून. दोन दिवसांनी व्हिलसेकचं कार्ड आलं. पाच वाजून पाच. लाव्हर्नहून घाट चढून यायला ओबँला बरोबर एवढाच वेळ लागला असता.

तिने नकाशा चुलीत घातला आणि फेरी रद्द झाल्याचं पत्र क्लबाला लिहिलं. ती घाबरली होती ती मेलेल्या भावाला नव्हे, माएलसाठी. माएलने यंदा नाव दिलं होतं, आणि बापाचाच नंबर मागितला होता.

रविवारी पाऊस होता. माएल सायकलवरूनच आली, भिजून चिंब.

"रद्द केलीस म्हणे."

"केली. तू जायचं नाहीस."

"बाबांसाठी अकरा मिनिटं निघाली नाहीत तुझ्याकडून. माझ्यासाठी अख्खी फेरी मोडलीस? मोठी माया आली."

"बोल हवं तसं. मला तेवढंच ऐकायचं उरलंय. पण जाऊ नकोस."

माएलने जाकिटाच्या खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तिच्या नावाचं होतं ते. त्यावर ओबँच्या अक्षरात सगळे थांबे ओळीने लिहिले होते, सुरुवातीपासून खिंडीपर्यंत. खिंडीपुढे काही नव्हतं.

"हे कधी आलं?" ओदीलने विचारलं.

"पहिलं आलं तेव्हा थट्टाच वाटली मला. हे चौथं." माएल दाराकडे वळली. "मार्ग कळलाय मला. तुझा नकाशा नको."

"माएल... थांब. थांब गं, मी येते तुझ्याबरोबर..."

दार उघडंच राहिलं. ओदील धडपडत ओसरीत आली तेव्हा माएल वळणापलीकडे गेली होती. छपराखालच्या कोरड्या फरशीवर चाकांचे ओले माग होते. एक माग माएलची सायकल टेकली होती तिथवर आला होता आणि परत गेला होता.

दुसरा त्याच्या शेजारीच होता, तेवढाच ओला. तोही रस्त्याकडे गेला होता. त्याचा आत येतानाचा माग मात्र कुठेच दिसत नव्हता.