सोपी वाट

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर आत्यांना म्हणाले होते, चालत राहा. घरच्यांनी त्याचा अर्थ लावला हॉलपासून गॅलरीपर्यंत. आत्यांनी लावला डोंगरापर्यंत.

जन्मभर शाळेत कवायत घेतलेली बाई. मुली त्यांना पाठीमागे फौजदारीण म्हणायच्या, आणि हे ठाऊक असून आत्या मनातल्या मनात खूश असायच्या. आता भाच्याच्या घरी राहून, उशीला टेकून पेज पिणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"आत्या, निदान सोप्या वाटेने तरी जाऊ," भाचेसून शेवटी म्हणाली. शहराबाहेरच्या डोंगरावर अशी वाट होती. रुंद, सपाट, दरीच्या बाजूला कठडा. पायथ्याच्या फलकावर लिहिलं होतं, 'लहान मुले व ज्येष्ठांसाठी'.

"ज्येष्ठ कोण?" आत्यांनी काठी आपटत विचारलं. भाचेसुनेची सहा वर्षांची बिट्टी खिदळली आणि तिघी निघाल्या.

सकाळ लख्ख होती. बिट्टी दगडांवरून उड्या मारत होती, भाचेसून पाठीवर सॅक घेऊन तिच्यामागे पळत होती, आणि आत्या सगळ्यांत मागे, गुडघ्याला शिव्या घालत पण पाऊल न थांबवता चालत होत्या. वाट अर्धी सरली असेल नसेल, तोच वरून धुकं उतरलं. आधी माथा गेला, मग झाडं गेली, मग कठडासुद्धा हाताच्या अंतरावर येईपर्यंत दिसेना. पाखरांचा आवाज तर कुणी झाकण लावावं तसा बंद झाला.

"आई, पाय दुखतात," बिट्टी रडवेली झाली.

"परत फिरूया का?" भाचेसुनेने विचारलं.

आत्या उत्तर देणार, इतक्यात मागून एक कुटुंब आलं. पुढे बाप, मग आई, मग एक मुलगी आणि शेवटी बिट्टीच्याच वयाचा मुलगा. एकमेकांचे हात धरून, साखळी करून. मुलाचा मागचा हात मोकळा होता, आणि तो त्याने तसाच पसरून धरला होता.

"दमलात का?" बापाने अदबीने विचारलं. "आमच्यामागून या. वाट सोपी आहे. कुणी दमत नाही."

कुणी काही बोलायच्या आत बिट्टीने तो मोकळा हात धरलासुद्धा. तिचं रडणं टक्कन थांबलं. भाचेसुनेने हसून तिचा दुसरा हात धरला आणि साखळी पुढे सरकली.

आत्या सगळ्यांत शेवटी चालू लागल्या. त्यांच्या नाकाला कसलासा वास आला. नव्या बुटांचं खोकं उघडल्यावर येतो तसा, कोरा. त्यांनी पुढच्यांच्या पायांकडे पाहिलं. चौघांचेही बूट दुकानातून आताच आणल्यासारखे स्वच्छ होते... आणि खडीवर त्यांचा आवाज होत नव्हता. बिट्टीच्या पायांचा होत होता. मग तोही होईना.

आत्यांनी काठी टेकली. टोक खडीला न लागता मऊ गवतात रुतलं. त्यांनी कठड्यासाठी हात बाजूला केला. हाताला लागलं ते नुसतं थंड धुकं.

"थांबा!"

अख्खं मैदान जागच्या जागी उभं करणारा आवाज होता तो. भाचेसून दचकून थांबली. पुढचे चौघे थांबले नाहीत. बिट्टी ताणली गेली, एक हात आईकडे, एक त्या मुलाकडे.

"आत्या... तो हात सोडत नाहीये..."

आत्यांनी भाचेसुनेच्या सॅकचा पट्टा मुठीत पकडला आणि सरळ खाली बसकण मारली. गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. "सोडा पोरीला!"

बाप वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. "पण ती दमलीय हो. आमच्यात कुणी दमत नाही."

"दमू दे! जिवंत माणूसच दमतं!" आत्या ओरडल्या. "हा गुडघा ठणकतोय ना माझा, म्हणून कळतंय की पाय जमिनीवर आहे. नको तुमची सोपी वाट. आम्ही कण्हत जाऊ, बसत बसत जाऊ, पण आमच्या पायांनी जाऊ. सोड रे बाळा तिला. सोड म्हणते ना!"

मुलाने मान वळवली. साधा, चारचौघांसारखा चेहरा. त्याने आत्यांकडे पाहिलं नाही. गुडघा चोळणाऱ्या त्यांच्या हाताकडे पाहत राहिला, दुसऱ्याच्या हातातल्या खाऊकडे पोरं पाहतात तसा. मग त्याची बोटं सैल झाली.

पुढून हिसका बसला आणि तो धुक्यात ओढला गेला. पडल्याचा आवाज झाला नाही.

तिघी तशाच एकमेकींना धरून बसल्या. धुकं विरलं तेव्हा बिट्टीच्या चपलेपुढे वीतभर गवत होतं, आणि त्यापुढे दरी. कठडा तिथे तुटून पडला होता.

घरी आल्यावर भाच्याने हातच जोडले. "आत्या, आता डोंगराचं नाव काढू नका."

"मी घाबरून घरी बसले, तर त्यांना रान मोकळंच," आत्या म्हणाल्या. त्या वाटेची देखभाल करणाऱ्या खात्यात जाऊन त्यांनी साहेबांच्या टेबलावर काठी आपटली. कठडा बसवू, बसवू, असं नुसतं ऐकायला मिळालं. तेव्हा त्यांनी बाजारातून जाड दोर आणला आणि एका सकाळी भाच्याची नजर चुकवून एकट्याच ती वाट चढल्या.

ऊन स्वच्छ होतं. तुटक्या कठड्याच्या दोन्ही खांबांना त्यांनी दोर आवळून बांधला, गाठीवर गाठ मारली आणि दम खायला जवळच्या दगडावर बसल्या.

"आजी..." दोराच्या पलीकडून, जिथे नुसती हवा होती तिथून, बारीकसा आवाज आला. "मी दमलो."

 आत्या पळाल्या नाहीत. दगडावरच जरा सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"दमलास ना? मग बस इथे. बघते कोण उठवतो तुला."

दगडापुढचं गवत दोन छोट्या पावलांखाली हळूहळू दबलं. कुणीतरी धापा टाकत होतं, छोट्या छातीने, पोटभर.

"चल बाळा," पलीकडून बापाचा आवाज आला. "वाट सोपी आहे."

आत्यांनी काठी मांडीवर आडवी धरली. "या की, न्यायला या," त्या म्हणाल्या.

 मग त्यांच्या डोळ्यांदेखत, भर उन्हात, दोराची पहिली गाठ अगदी अदबीने सुटायला लागली.