जावयाच्या दुकानातला मध

पुंडलिकरावांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि अस्सल मध आणल्याशिवाय त्यांच्या पत्नी शोभाबाई आता गप्प बसणार नव्हत्या! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मध शुद्ध असेल तर पट्टीला चालेल, त्यात जंतू टिकत नाहीत. पण जखम अशीच चिघळली तर अंगठा काढावा लागेल."

चिघळली ती जावयाच्या मधानं! गजेंद्रच्या दुकानातली बाटली; वर मधमाशीचं चित्र, आत साखरेचा पाक. पण जावयाला बोलायचं कसं? रीत आडवी आली. शोभाबाई दात-ओठ खात म्हणाल्या, "जवाईबापू, चला डोंगरात. मध कुठून निघते, पाहून घ्या."

मोहोळ झाडणारे नत्थूजी पुढे, मागे ही दोघं. सेलूमागचे डोंगर चैताच्या उन्हात भाजत होते, नाले आटलेले, पळसाचा पाचोळा पायाखाली करकरत होता. कड्याखाली नत्थूजींनी बजावलं, "अत्तर-फित्तर नाई ना लावलं कोनं? आग्या माशा हायेत. वासानं चवताळतेत."

गजेंद्रच्या अंगाला मोगऱ्याचा भपकारा! शोभाबाईंच्या जिभेवर आलं, त्यांनी गिळलं. जावयाला का आंघोळ करा म्हणायचं?

ओल्या पाल्याचा धूर चढला. नत्थूजी दोराला लोंबकळत कपारीशी पोचले. कोयता चालला. मधाचा भाग डब्यात पडला. अंड्यांचा भाग त्यांनी माशांसाठी राखला.

अन् गूंऽऽ! काळा ढग थेट गजेंद्रवर!

"मामी, मेलो!" जावई किंचाळला.

शोभाबाई धावल्या. नत्थूजींचं घोंगडं त्याच्यावर टाकलं. त्याला ओढलं. धुरात लोटलं! दंडावर डंख बसत होते, पण आता तोंड सुटलं होतं.

"जवाई असान घरी! लग्नाले आलते काय अत्तर लावून? अन् पाक इकता मध म्हनून? तुमच्या सासऱ्याचा अंगठा जाऊन राह्यला न!"

"मले का माहीत?" घोंगडं बोललं. "ठोकवाल्यानं देल्लं."

"काऊन? जीभ नोयती चाखाले?"

माशा निवल्यावर नत्थूजी उतरले. "बाई, मध हाय. जवाई हाय का?"

त्या मधाच्या पट्ट्या डॉक्टरीणबाईंच्या नजरेखाली बदलत गेल्या. दुर्गंध गेला, कडेनं गुलाबी कातडी धरली. अंगठा वाचला!

मग जावयाला रीतीनं जेवायला बोलावलं. पाट, रांगोळी, गरम पोळ्या. शोभाबाईंनी त्याच्याच दुकानातली बाटली पोळीवर उपडी केली.

"घ्या जवाईबापू, लाजू नका. बाटली सरल्याबिगर पाटावरून उठाचं नाई."