अकरा नंबरचं वाक्य

डबा हरवला तेव्हा कादंबरी घाबरली होती. तो परत आला तेव्हा मात्र ती सरळ सुमित्राकडे आली.

सुमित्रा रेगेची अमेरिकेतल्या नेपरव्हिलमध्ये वीस वर्षं इन्शुरन्सचे खोटे क्लेम पकडण्यात गेली होती. आता डेंटिस्टच्या शेजारी तिचं स्वतःचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. मावसभाऊ यतीन नोकरी गेल्यापासून तिची गाडी चालवायचा आणि न मागितलेले सल्ले द्यायचा.

सोमवारची सकाळ होती, बाहेर बर्फ पडत होता. कादंबरीने पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला.

"मी युनिव्हर्सिटीत रिसर्च करते, सुमित्राताई. जी मुलं स्वतःला इजा करून घेतात, त्यांना शाळा आणि युथ ग्रुप कसा आधार देतात, यावर. नुकतीच शाळा संपवलेली अठरा मुलं माझ्याशी बोलली. रिपोर्टमध्ये कुणाचंच नाव नाही, फक्त नंबर आहेत. कुठला नंबर कोणाचा, त्याची एकच यादी होती. सीलबंद पाकिटात, या डब्यात."

"घरी?"

"स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर. ऑफिस तिघांत मिळून आहे, म्हणून घरी आणली. यादी कुलपात हवी होती. चूक माझीच."

शनिवारी दुपारी तिच्या घरी सल्लागार समितीची मीटिंग होती. समितीत तिघंच होते. शैलाकाकू मराठी शाळेत शिकवायच्या, नकुल एका हायस्कूलमध्ये काउन्सेलर होता आणि रवींद्रकाका इथल्या मराठी मंडळाचा युथ ग्रुप चालवायचे. यादी कॉम्प्युटरवरसुद्धा नाही, ती आईच्या डब्यात आहे, असं कादंबरीने त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. रविवारी डबा जागेवर नव्हता. आज सकाळी तो गराजच्या दाराला पिशवीत अडकवलेला होता. पाकीट गायब होतं.

"अख्खा डबा कशाला नेला?" यतीनने विचारलं.

"झाकण घट्ट बसतं. ओट्यावर चारदा आपटल्याशिवाय उघडत नाही."

"परत आला तेव्हा रिकामा होता?" सुमित्राने विचारलं.

"मूठभर भाजलेले शेंगदाणे होते. मी घातलेले नव्हते."

"धमकी आहे ही," यतीन म्हणाला.

"शेंगदाण्यांची?" सुमित्राने त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

कादंबरीने डबा स्वतःकडे ओढला. "जे आईबापांना सांगता आलं नाही ते या मुलांनी मला सांगितलं. एक नाव जरी बाहेर गेलं, तर ते मूल पुन्हा कुणाकडेच तोंड उघडणार नाही. बुधवारी मला युनिव्हर्सिटीला कळवायचंय. त्याआधी यादी सापडायला हवी."

समितीला मीटिंगआधी दिलेल्या रिपोर्टची एक प्रत जाताना तिने ठेवली. यतीनने चाळता चाळता एक उतारा मोठ्याने वाचला. "नंबर अकरा. ‘मी एका मोठ्या माणसाला सांगितलं. उत्तर आलं, अभ्यासात लक्ष घाल, सगळं ठीक होईल. मी ओके म्हटलं. त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही.’" त्याने प्रत खाली ठेवली. "चुकीचं काय आहे यात? मीही हेच सांगितलं असतं."

सुमित्राने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि प्रत पर्समध्ये टाकली.

त्याच दुपारी नकुल शाळेतल्या त्याच्या छोट्या खोलीत भेटला. तो इथेच जन्मलेला, तिशीचा होता. डोळे जागरणाने लाल झाले होते.

"ते अकरा नंबरचं वाचल्यापासून आय कान्ट स्लीप, मावशी," तो म्हणाला. "मला वाटलं तो अडल्ट मीच. माझ्या सगळ्या नोट्स चेक केल्या. तरी खात्री होत नाही."

शनिवारी कादंबरीने उरलेल्या मसालेभाताची डबी प्रत्येकाला बांधून दिली होती. सुमित्राने ती परत मागितली. नकुलने बॅगेतून काढून दिली. धुतलेली, चकचकीत, रिकामी. "थँक यू सांगा तिला," तो म्हणाला.

"आपण चोर शोधतोय की भांडी गोळा करतोय?" गाडीत यतीनने विचारलं.

शैलाकाकूंनी दारातच तिळाच्या वड्या पुढे केल्या. "नुसता तीळ-गूळ आहे हं. माझ्या नातवाला, देवांगला शेंगदाण्याची ॲलर्जी, म्हणून दाण्याचा कणसुद्धा घरात येऊ देत नाही मी."

अकरा नंबरचा विषय काढताच त्या खुर्चीत बसल्या. "अभ्यास कर म्हणजे सगळं ठीक होईल, हे मी वर्गात दर रविवारी म्हणते. आता शिकवताना प्रत्येक पोर माझ्याकडे बघतंय असं वाटतं. काल निम्मा तास मी गप्पच उभी होते."

डबी मागितल्यावर त्या आत गेल्या आणि चिवडा भरून घेऊन आल्या.

रवींद्रकाका एकटेच राहायचे. त्यांची पत्नी वारल्याला सहा वर्षं झाली होती. घर इतकं शांत होतं की हीटरचा आवाजही मोठा वाटत होता. बैठकीच्या खोलीत युथ ग्रुपचे फोटो होते, वर्षाला एक. काकांची खुर्ची त्या भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. समोरच्या चहाच्या कपावर साय धरली होती.

त्यांनी बिनसाखरेचा चहा आणि वाटीभर भाजलेले दाणे पुढे ठेवले. "डायबेटिस आहे. साखर घरात येऊ देत नाही."

डबी मागितली तेव्हा ते म्हणाले, "उद्या मीच देईन. काहीतरी घालून." मग ते यतीनकडे वळले. "तुझी लेक अनिका ग्रुपला यायची का रे थांबली? दहावीत होती तेव्हा."

"अभ्यास वाढला, काका," यतीन म्हणाला.

काका फोटोतल्या एका चेहऱ्याकडे बघत राहिले.

मंगळवारी दुपारी सगळे कादंबरीच्या डायनिंग टेबलाभोवती बसले. मधोमध तो डबा होता. कुणी त्याला हात लावला नाही.

"पहिल्यांदा मी कारण शोधत होते," सुमित्रा म्हणाली. "पण कारण तिघांकडेही होतं आणि ते एकच होतं. अकरा नंबरच्या वाक्यात तिघांनाही स्वतःचा आवाज ऐकू आला. त्यामुळे कारणावरून माणूस सापडेना. मग मी दाण्यांकडे वळले."

तिने डबा जवळ ओढला.

"हे काम पैशासाठी नव्हतं आणि बदनामीसाठीही नव्हतं. तसं असतं तर डबा कचऱ्यात गेला असता. हा कादंबरीच्या आईचा डबा आहे, हे नेणाऱ्याच्या मनाला लागलं. म्हणून त्याने तो परत केला. आणि परत करताना त्यात काहीतरी घातलं, कारण आपल्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. यादी चोरलेल्या माणसालाही ते जमलं नाही. नकुल, तू डबी रिकामी दिलीस. तुला ही रीत कुणी शिकवलीच नाही."

नकुल चपापला. "इज दॅट अ थिंग?"

"शैलाकाकूंना ही रीत ठाऊक आहे. त्यांनी चिवडा भरला. पण त्यांच्या घरात दाणा येतच नाही. ज्या घरात रीत आहे, पण भांड्यात घालायला साखर नाही आणि दाण्यांची वाटी समोर असते, असं घर एकच उरतं."

रवींद्रकाकांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. सील तसंच होतं.

"आई सांगायची, भांडं रिकामं जाता कामा नये," ते हळू म्हणाले. "हात आपोआप वाटीकडे गेला. मला फक्त नाव हवं होतं. नऊ वर्षांत किती मुलं माझ्याकडे आली आणि मी कितीजणांना हेच सांगून पाठवलं, आठवत नाही. त्या फोटोंतलं प्रत्येक पोर आता मला विचारतं, काका, मी का ते? वाटलं, नाव कळलं तर जाऊन माफी मागता येईल."

"मग उघडलं का नाहीत?" कादंबरीने विचारलं.

"तीन दिवस समोर ठेवून बसलो. उघडलं असतं, तर त्या मुलाला दुसऱ्यांदा फसवलं असतं."

शैलाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांनी पाकीट पुढे केलं. कादंबरी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती, म्हणून ते शेजारी बसलेल्या यतीनच्या हातात आलं.

आणि तिथेच थांबलं.

यतीनला चार वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. तो लॅपटॉपवर होता. अनिका दारात उभी राहून काहीतरी सांगत होती, अर्धं इंग्लिशमध्ये. त्याने मान हलवून म्हटलं होतं, अभ्यासात लक्ष घाल, सगळं ठीक होईल. ती ओके म्हणाली होती. नंतर ती ग्रुपला गेली नाही.

त्याचा अंगठा पाकिटाच्या कडेवर होता.

"यतीनदादा?" कादंबरी म्हणाली.

"नाव वाचून काय करशील?" सुमित्राने हळूच विचारलं. तिला केव्हाच कळलं असावं.

यतीनने पाकीट कादंबरीला दिलं.

गाडी चालवताना त्याने एकही सल्ला दिला नाही. सुमित्राला घरी सोडून तो स्वतःच्या घरी पोचला तेव्हा साडेतीनच वाजले होते. कॉलेजमधून आलेली अनिका टेबलाशी बसून काहीतरी टाइप करत होती. तो कोट न काढताच तिच्यासमोर बसला.

"तू दहावीत असताना एकदा माझ्याशी बोलायला आली होतीस. मी ऐकलं नाही. मला ते आता ऐकायचंय. तुला सांगायचं असेल तरच."

अनिकाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने लॅपटॉप मिटला.

"इट्स लाँग, बाबा."

"असू दे," यतीन म्हणाला आणि पुढे काहीच बोलला नाही.