कळीच्या टोकावरचा पिवळा मणी

"बघ! नीट बघ, आणि मग माझ्या डोळ्यांत बघून सांग मावशी, की यात तुझा हात नाही!"

शॉनाने फोन टेबलावर असा सरकवला की लव्हर्नाच्या कपातली कॉफी हिंदकळून मेणकापडावर सांडली. बाहेर तळ्याकाठी लव्हर्नाचा भाऊ युजीन मोठ्या लोखंडी कढईत नवा रानतांदूळ भाजत होता, त्याच्या ढवळायच्या वल्ह्याची खरखर आणि धुराचा ओळखीचा वास खिडकीतून आत येत होता.

फोनवर एका उंच, गोऱ्या मुलीचं छायाचित्र होतं. तिच्या अंगात काळा कोट, आणि कोटावर लाल रानगुलाब, त्याची वळणदार वेल, वेलीच्या शेवटी एक अर्धवट उमललेली कळी. आजीची वेल! लव्हर्नाच्या आजीने भूर्जाच्या सालीतून कापलेल्या नमुन्यांवरून उतरलेली, या घराबाहेरच्या कुणीही कधी मण्यांत न ओवलेली वेल!

लव्हर्नाने चष्मा सावरला आणि वाकून पाहिलं. कळीच्या अगदी टोकावर, सगळ्या लाल रंगात, मोहरीएवढा एक पिवळा ठिपका होता.

तिने झटकन फोन पालथा घातला.

"पालथा का घातलास?" शॉनाचा आवाज चिरकला. "बघवत नाही ना? मी रात्रंदिवस राबून वसंतातल्या प्रदर्शनासाठी ही जाकिटं शिवतेय, आपली वेल पहिल्यांदा आपल्या नावानं जगापुढे नेतेय, आणि शहरातली ही कंपनी आधीच कोट विकून मोकळी! आता मी माझ्याच पणजीची नक्कल करणारी ठरणार! नमुने आई जाण्याआधीपासून तुझ्याच ट्रंकेत आहेत. किल्ली तुझ्याच गळ्यात आहे. मग गेली कशी ही वेल बाहेर? उडून गेली?"

"शनिवारचं जेवण होऊ दे, बाळा," लव्हर्ना हलक्या आवाजात म्हणाली. "तुझ्या आईचं वर्ष पुरं होऊ दे. तोवर घरात कडू बोलायचं नाही..."

"वा! आईचं नाव पुढे करून लपणार?" शॉनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते मायेचं नव्हतं. "गेल्या वर्षी ती शेवटचे श्वास मोजत होती तेव्हा तू कुठे होतीस? शहरात! शेजारच्या गर्टीने बघितलंय तुला. चकचकीत गाडीतून उतरलीस, काखेत खोकं होतं. आई तासाभरापूर्वीच गेली होती, आणि तू... तू ते खोकं आधी आत नेऊन ठेवलंस आणि मग तिच्याजवळ आलीस! मी विसरले नाही, मावशी."

लव्हर्ना मेणकापडावरची कॉफी पुसत राहिली.

शॉना ताडकन उठली आणि मावशीच्या खोलीत शिरली. पलंगाखालून तिने ते खोकं ओढून काढलं. त्याच्या झाकणावर छापलेली खूण आणि कोटाच्या गळ्यावरची खूण एकच होती! लव्हर्ना धावत आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने ते खोकं छातीशी असं धरलं, जसं शॉनाला ती तान्ही असताना धरायची.

"नको गं... एवढं उघडू नकोस..."

"नाही उघडत!" शॉना दारातून म्हणाली. "जे काय मिळालं असेल ते लखलाभ तुला. पण एक ऐकून ठेव. शनिवारी मला नवा तांदूळ तू भरवायचा नाहीस. तुझ्या हातचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही!"

दार आपटलं. लव्हर्ना तशीच जमिनीवर बसून राहिली. मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं, असा हा घाव होता.

त्यांच्यात रीतच तशी होती. घरातलं माणूस गेलं की त्याच्या माणसांनी वर्षभर नव्या हंगामाचं काही आपल्या हाताने तोंडात घालायचं नाही, ना रानातली स्ट्रॉबेरी, ना तळ्यातला तांदूळ. वर्ष पुरं झालं की गेलेल्याचं पान वाढायचं, आणि मग जिवलगाने दुखवट्यातल्या माणसाला पहिला घास भरवायचा. ये, आमच्यात परत ये, असं सांगण्याची ती रीत. शॉनाला तो घास आईच्या जागी मावशीने भरवायचा, हे तिची आई यवॉन गेली त्याच दिवशी ठरलं होतं. लव्हर्नानेही वर्षभर जीभ आवरली होती. तिला कोण भरवणार, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं.

तिने झाकण उघडलं. आत काळ्या मखमलीची बंडी होती, धाकट्या बहिणीच्या हातची. यवॉनच्या कळीवर पिवळा मणी शांतपणे चमकत होता.

निर्दोष काम फक्त त्या निर्मात्याचं, माणसाने त्याची बरोबरी करू नये, म्हणून या घरातल्या बायका प्रत्येक कामात एक मणी मुद्दाम चुकीच्या रंगाचा ओवत. आजी तो देठाच्या मुळाशी ओवायची, लव्हर्ना फुलाच्या पोटात, आणि यवॉन कळीच्या टोकावर. शहरातल्या भरतकामाच्या यंत्राला ही चूक कळली नव्हती! त्याने इमानेइतबारे तीही उतरवून घेतली होती, हजारो कोटांवर, त्याच जागी!

यवॉनने ही बंडी त्या कंपनीच्या बाईला स्वतःच्या हाताने दिली होती, आजाराने खंगलेल्या हाताने. "माझ्या मुलीच्या घराण्याचं काम बघा, आणि तिला तुमच्याकडे घ्या," असं तिने विनवलं होतं. बाईने गोड हसून होकार भरला, बंडी नेली, आणि पुढे ना निरोप, ना नोकरी. अंथरुणावर खिळल्यावर यवॉनला आपला मूर्खपणा उमगला. "ताई, तेवढी बंडी परत आण गं," ती बहिणीचा हात धरून रडली होती. "आणि शॉनाला कधी सांगू नकोस. मीच तिच्या पणजीची वेल परक्यांना दिली, हे तिला कळलं तर ती माझं नाव कसं घेईल? मी गेल्यावर तिच्या मनात माझ्याबद्दल कडू राहायला नको... पूर्वजांकडे जायच्या त्या वाटेवर माझे पाय अडतील."

लव्हर्ना गेली. कंपनीच्या फाटकाशी दिवसभर बसून राहिली, हटली नाही. अखेर त्यांनी बंडी खोक्यात घालून दिली आणि ब्याद टळावी म्हणून गाडीने घरीही सोडलं. आणि दाराशी पाऊल ठेवते तो आतून शॉनाचा हंबरडा...

आता सांगितलं तर आपण सुटतो, तिच्या मनात आलं, आणि यवॉन अडकते. तिने झाकण लावलं. दुसऱ्या दिवशीही रोजच्यासारखीच ती पहाटे उठली, भूर्जाच्या बुंध्याशी प्रार्थनेची तंबाखूची चिमूट ठेवली, आणि स्वतःसाठी काही न मागता परत आली.

शनिवारपर्यंत घरात कुजबुज भरून राहिली. लव्हर्ना खोलीत आली की बोलणं थांबे. शॉनाने आपल्या शिवणखोलीला कुलूप लावलं. पाठच्या भावानेही कढईवरून नजर न उचलता विचारलं, "ताई, खोक्यात काय आहे ते मला तरी सांगशील?"

"तुझा विश्वास नाही, युजीन?"

"विश्वास आहे गं. पण विश्वासाला थोडं खाऊ-पिऊ घालावं लागतं. तू तर त्यालाही उपाशी ठेवलंयस!"

ती कसंनुसं हसली आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

शनिवारी दुपारी सगळे जमले. हरणाचं मटण, तळलेले पाव, भाजलेला मासा, आणि मधोमध मोठ्या पातेल्यात नवा तांदूळ, वाफाळलेला. युजीनने यवॉनचं पान वाढलं, तंबाखू ठेवली, जुन्या भाषेत दोन शब्द बोलला. एवढ्यात दार उघडलं आणि शेजारची गर्टी आत आली. अंगात तोच काळा कोट! फुलावेलींसकट!

सगळ्यांच्या नजरा कोटावर खिळल्या.

"असं काय बघताय? मी पुरावा म्हणून आणलाय!" गर्टी ठसक्यात म्हणाली. "सेलमध्ये होता."

"पुरावा अंगात घालतात होय?" युजीन म्हणाला.

"बाहेर गारठा किती आहे! पुरावा असला म्हणून काय, ऊब देतोय बिचारा!"

दोघीचौघी हसल्या, मग एकदम गप्प झाल्या. कारण शॉना उठली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काढ तो, गर्टी. इकडे दे."

तिने कोट खिडकीपाशी नेला. लव्हर्नाचे हात ॲप्रनच्या टोकाशी चाळा करू लागले. नको... आजच्या दिवशी तरी नको! शॉनाची बोटं वेलीवरून फिरत होती, मुळापासून पानावर, पानावरून फुलावर. मण्यांवर वाढलेली बोटं ती, फोनवरच्या चित्रात जे रागाने दिसलं नव्हतं ते त्यांना आता लागलं. फुलाच्या पोटावर ती थांबली. तिथे काहीच नव्हतं. सगळं लाल. मावशीचा मणी नव्हता!

बोटं कळीकडे सरकली... आणि टोकावर अडली.

"आई," शॉना पुटपुटली.

"शॉना, बाळा, जेवण गार होतंय..." लव्हर्ना काकुळतीला आली.

"ही आईची कळी आहे, मावशी! हा आईचा मणी आहे! ही तुझ्या हातची नाहीच!" कोट छातीशी धरून ती वळली. "तुला माहीत होतं. त्या दिवशी फोन पालथा घातलास तेव्हाच तुला कळलं होतं... आणि तू मला बोलू दिलंस! इतकं वाईट बोलू दिलंस!"

"तिने फसून दिली गं," लव्हर्नाचा बांध फुटला. "तुझ्यासाठी दिली. तुला तिथे काम मिळावं म्हणून! तिला दोष देऊ नकोस, वाटेत आहे ती अजून... जे बोलायचं ते मला बोल, माझ्या अंगवळणी पडलंय आता!"

"आणि खोकं?"

युजीन न सांगताच आत गेला आणि ते घेऊन आला. शॉनाने झाकण उचललं. काळी मखमल, लाल रानगुलाब, पिवळा मणी. तिने बंडीत तोंड खुपसलं. आईचा वास अजून तिथे होता, सीडरचा आणि औषधांचा.

"हे आणायला गेली होतीस? तिनेच पाठवलं होतं तुला?"

लव्हर्नाने होकारार्थी मान हलवली. गर्टी नाक ओढत म्हणाली, "आणि मी गाढवी, गावभर सांगत सुटले!" आज तिला कुणी चिडवलं नाही.

बराच वेळ शॉना रडत राहिली. मग तिने गर्टीचा कोट पुन्हा उचलला, त्या ठिपक्याकडे पाहिलं, आणि रडता रडता हसली.

"मूर्ख आहेत गं ते! चूकसुद्धा चोरली त्यांनी. प्रत्येक कोटावर माझ्या आईची सही आहे... आता मी सांगेन सगळ्यांना, ही वेल कुणाची ते. नाव घेऊन सांगेन."

"कडू नाही ना वाटत तिच्याबद्दल?" लव्हर्नाने भीत भीत विचारलं. वर्षभर तिने जपलेलं होतं ते एवढंच.

"तिच्याबद्दल नाही. स्वतःबद्दल वाटतंय."

लव्हर्ना उठली, तिने वाडग्यात तांदूळ घेतला आणि चमचा भरून शॉनापुढे धरला. पण शॉनाने तोंड उघडलं नाही.

तिने मावशीच्या हातातून चमचा हलकेच काढून घेतला, तिला खुर्चीवर बसवलं आणि जमिनीवर तिच्यापुढे गुडघे टेकले.

"तू पण वर्षभर खाल्ला नाहीस ना, मावशी? तुला कोण भरवणार, हे मी विचारलंसुद्धा नाही." चमचा तिने लव्हर्नाच्या ओठांशी नेला. "आधी तू. तू परत ये आमच्यात. मग मला भरव."

लव्हर्नाने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. धुराच्या वासाचा तो कोवळा घास तिच्या जिभेवर विरघळला, आणि पलीकडे, यवॉनच्या वाढलेल्या पानातून वर जाणारी वाफ तेवढ्यात वाट मोकळी झाल्यासारखी सरळ झाली... निदान तिला तरी तसंच दिसलं.