उकललेले टाके

हितेंद्र, तो मोबाइल खिशात घाल. डिंपल, तूही. गोष्ट ऐकायची तर थोडा अंधार सोसावा लागतो. आणि ही काही ऐकीव गोष्ट नाही. धरणगावचे नवलभाऊ माझे शाळेपासूनचे मित्र. त्यांच्याच घरात घडलंय हे, मागच्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री.

नवलभाऊंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पुढे दुकान आणि मागे घर. त्यांचा थोरला तेजस गेला तो सायकलवरच. जाड टायरची, गिअरवाली सायकल होती त्याची. हायवेच्या उतारावर पुढचा टायर बाजूने फाटला, पोरगा पडला, मागून गाडी येत होती... राहू दे. तेव्हापासून नवलभाऊ रडले नाहीत. वाढलं तर जेवायचे, पंक्चर आलं तर काढायचे. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसा तो आख्खा माणूस झाला होता. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

धाकटी पुनम पोलीस भरतीची तयारी करत होती. आखाजी झाली की रोज पहाटे त्याच हायवेने मैदानावर जायचं, आणि तेही दादाच्याच सायकलवर, असा तिचा हट्ट. नवलभाऊ म्हणाले, करून देतो. आणि दुरुस्तीला काय घेतलं? तोच फाटका टायर.

आता बाजू फाटलेला टायर शिवता येतो, नाही असं नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा सोल्यूशनने चिकटवायचा, त्याला गेटर म्हणतात, आणि मग आरीने मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके घालायचे. पण नवलभाऊ स्वतःच गिऱ्हाइकाला बजावायचे, "शिवण हवा पेलते, माणूस पेलत नाही. टायर बदला." त्या मापाचे नवे टायर दुकानात टांगलेले होते.

पुष्पावहिनींनी विचारलंसुद्धा, "नवा टायर टांगेल शेतस ना, मंग हाऊच कसाले?"

"दुसरा टायर टाका का सायकल तेजसनी ऱ्हात नही," एवढंच ते बोलले.

रात्री त्यांनी टायर शिवला. सकाळी बघतात तर टाके उकललेले. दोरा तुटला नव्हता, कुरतडलाही नव्हता. नीट गुंडाळून बाजूला ठेवला होता. वहिनी म्हणाल्या, उंदीर असतील. उंदीर दोरा गुंडाळून ठेवतो का रे? दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. यांनी रात्री पुन्हा आरी घेतली. सकाळी पुन्हा तेच. भीती वाटायलाही माणूस आतून जागा असावा लागतो.

मग ती रात्र आली. उद्या आखाजी, तेजसच्या नावाची पहिली घागर भरायची होती. गेलेली माणसं त्या दिवशी पाणी प्यायला घरी येतात म्हणतात. नवलभाऊ शटर आतून लावून, टायर मांडीवर घेऊन बसले. शेवटचा टाका घातला आणि लाइट गेली. बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती ओढीने.

टायर कोणीतरी ओढत होतं. समोरून.

जोरात नाही. हळू...

त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला. ओढ थांबली. मग अंधारात दोरा सरकल्याचा आवाज. एक टाका... मग दुसरा...

"कोन शे?"

...

"तेजस?"

...

"भो, पुनमले जानं शे. सोड."

ओढ वाढली. टाके सुटतच होते.

आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नवा टाकसू तिले. नवा टाकसू, बेटा."

ओढ थांबली.

नवलभाऊंनी हात सोडले. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "नाना, मी सोडी दिधा... पन तो खाले पडनाच नही."

सकाळी त्यांनी सायकलला नवा टायर चढवला. पुनम त्यावरच जाते, अजूनही. जुना टायर खुंटीवर टांगलेला सापडला. कोणी टांगला ते मला विचारू नका.

यंदा पौषात मी त्यांच्याकडे गेलो होतो. अंधार पडून बराच वेळ झाला होता. दुकान बंद करताना नवलभाऊ त्या खुंटीपाशी थांबले, फाटक्या जागेवर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसतसुद्धा नव्हते.

"हात लाय, नाना," म्हणाले.

मी लावला. शटर गार होतं. भिंत गार होती. थंडीने माझी बोटं वाकत नव्हती.

टायर गरम होता... भर उन्हातल्या डांबरावरून आत्ताच घरी आल्यासारखा.