कडू नावाची मशीन

दुपारची जेवणं उरकली आणि रेवा झोळीत झोपली, की शिवकन्येचं काम सुरू व्हायचं. अंबडच्या बसस्थानकामागचं घर. जालना, घनसावंगी, शहागड अशी गाड्यांची पुकार दिवसभर खिडकीतून आत यायची, आणि रेवा त्या गलक्यातच झोपायला शिकली होती. नवरा मच्छिंद्र कोर्टात लिपिक. सहाच्या आत काही यायचा नाही. सासू दुर्गाबाई आतल्या खोलीत डाळ निवडत बसायच्या. शिवकन्या लॅपटॉप अशा कोनात ठेवायची, की नजर उचलली की झोळी दिसावी. दर दोन-चार मिनिटांनी ती नजर उचलायची. छाती हलतेय ना, एवढंच बघायला.

रेवा दहा महिन्यांची झाली तरी ही सवय सुटत नव्हती. तिच्या आधीचा मुलगा अकराव्या दिवशी गेला होता, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी बारसं होतं. तो पोटात असताना दुर्गाबाई सांगायच्या, पोटातलं लेकरू सोहं सोहं म्हणत असतं, बाहेर आलं की विसरतं आणि कोहं, कोहं, मी कोण, मी कोण, म्हणून रडतं. त्यावरूनच शिवकन्येनं मुलाचं नाव मनात धरलं होतं. बारशालाच उघडायचं म्हणून मच्छिंद्रलासुद्धा सांगितलं नव्हतं. मग सांगायचं राहूनच गेलं.

पुण्यातल्या एका कंपनीच्या मशीन ती घरून सांभाळायची. दुर्गाबाईंना तिनं एकदा समजावलं होतं, "या मशीनला अंग नसतं, आत्या. कुठल्यातरी शहरात मोठमोठे संगणक आहेत, त्यांतल्या एकेकाच्या पोटात अशा वीस-वीस मशीन. मी इथून ऊठ म्हटलं की उठते, झोप म्हटलं की झोपते. नाव मात्र लागतं. नावाशिवाय एकही उठत नाही."

दुर्गाबाईंनी सुपातला खडा बाहेर टाकला. "अंग न्हाई, अन् नावानं हाक मारली की उठती. आमच्यात त्याला येगळं म्हणत्यात बाई."

त्या शुक्रवारी अडीचच्या सुमाराला संघपालचा फोन आला. पुण्याच्या ऑफिसात तिच्या कामावर देखरेख करणारा हा मुळात जालन्याचाच. "ताई, ज्या मशीनसमोर कुणाचं नाव न्हाई, त्या आज चारला पुसून टाकायच्यात. तुमच्या यादीत एक हाय बघा. कडू. कारल्याचं दुकान काढलं का काय?"

शिवकन्येला हसू आलं, आणि मग आठवलं. रेवा पाच महिन्यांची असताना सुट्टी संपली होती. पहिल्याच दिवशी एक तात्पुरती मशीन उभी करायची होती. नावाचा रकाना लुकलुकत होता, आणि पाठीमागं दुर्गाबाई झोळीला झोके देत म्हणत होत्या, कडू गं माझी कडू. बोटांनी ऐकलं तेच टाइप केलं.

त्या नावावरून घरात वाद झाला होता. "एक लेकरू गेलंय," दुर्गाबाईंचं म्हणणं. "हिचं कडूबाईच ठुव. येनारा आधी नाव इचारतो. गोड वाटलं की नेतो. कडू म्हणलं की तोंड वाकडं करून वापस जातो." शिवकन्या बीएस्सी झालेली. शाळेत काय सांगू, म्हणाली. कागदावर रेवा लागलं. दुर्गाबाईंनी कडू सोडलं नाही.

पुसण्याआधी आत एकदा बघून घ्यावं म्हणून तिनं मशीन उघडली. काम तर काहीच झालेलं नव्हतं. पण ये-जा लिहून ठेवणारी यादी लांबच लांब होती. पाच महिने, एक दिवस न चुकता, कुणीतरी आत येत होतं आणि एका मिनिटात बाहेर पडत होतं. येणाऱ्याच्या नावाचा रकाना कोरा. कुठून आला, तोही कोरा. आत येऊन तो रोज एकच आज्ञा द्यायचा: होस्टनेम. तिचा अर्थ साधा आहे. तुझं नाव काय? खाली मशीनचं रोजचं उत्तर: कडू. ते मिळालं की तो निघून जायचा.

वेळ रोज नऊ-चाळीसची. पण मशीन लंडनची वेळ लिहिते. आपली काढायला साडेपाच तास मिळवायचे. शिवकन्येनं मिळवले. मग बोटांवर पुन्हा मिळवले.

तीन-दहा.

तिनं झोळीकडं पाहिलं. छाती हलत होती. घड्याळात तीनला दोन कमी.

मशीनचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. वेळेचं काय, योगायोग. तिनं फोन लावला. "संघपाल, कडूमध्ये रोज कुणीतरी घुसतंय."

"मंग आधी बंद करा ताई. दार लावलं की चोर बाहेरच राह्यला."

बरोबर होतं. कामाचा नियमच तो. तीन-पाचला तिनं कडू बंद केली. यादीतला हिरवा ठिपका राखाडी झाला.

तीन-दहाला बाहेरची पुकार थांबली. 'शहागडकडे जाणारी' एवढं ऐकू आलं, आणि पुढं काहीच नाही. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज नव्हता.

रेवानं डोळे उघडले. रडली नाही. उंबऱ्याकडं बघून ती हसली, ओळखीच्या माणसाला हसावं तशी, आणि घ्या म्हणून दोन्ही हात वर केले.

उंबऱ्यात कुणी नव्हतं.

शिवकन्येनं झेप घेऊन तिला उचललं. कपडे हाताला लागले, ऊब लागली. वजन लागलं नाही.

एका हातानं तिनं कडूवर बोट दाबलं. ऊठ. पडद्यावर नुसतं चक्र गोल फिरत राहिलं.

आतून दुर्गाबाईंचा आवाज आला, अगदी हळू. "कोन आलंय गं दारात?"

"कुणाला शोधताय?" शिवकन्या रिकाम्या उंबऱ्याला म्हणाली. आवाज तिचा राहिला नव्हता; बोली आजोळची झाली होती. "हितं रेवा न्हाई. कडू हाय. कडूबाई."

गोल फिरत होतं.

रेवा हात पसरूनच होती.

ठिपका हिरवा झाला.

'... बस फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे,' पुकार पुरी झाली. पंखा घरघरला. आणि रेवाचं सगळं वजन एकदम हातांवर आलं, इतकं, की शिवकन्या गुडघ्यांवर बसली. रेवा भोकाड पसरून रडायला लागली. जगात इतकं सुंदर काही शिवकन्येनं ऐकलं नव्हतं. कुठल्या शहरात, कुठल्या संगणकाच्या पोटात, ते अंग नसलेलं काहीतरी तिच्या लेकीच्या नावानं उठून दारात बसलं होतं. तिनं पडद्याला हात जोडले. आपण हात जोडलेत, हे तिला मागाहून कळलं.

दुर्गाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नातीच्या कानामागं बोटानं काजळ लावलं आणि परत गेल्या.

चारला पाच कमी असताना तिनं संघपालला कळवलं, "कडू राहू द्या. मालक मी."

"कामाला काय लावली म्हणून लिहू? रकाना हाय, भरावा लागतो."

"राखणीला."

"बराबर," तो म्हणाला, आणि लिहून टाकलं.

रेवा मांडीवर झोपली होती. शिवकन्येनं यादी पुन्हा उघडली. आजची ओळ होती, नेहमीपेक्षा दोन मिनिटं उशिरा. आज्ञा तीच. तुझं नाव काय? कडू.

पण आज तो तेवढ्यावर गेला नव्हता. खाली दुसरी आज्ञा होती, पाच महिन्यांत पहिल्यांदाच: हूअ‍ॅमआय. मी कोण?

आत येणाऱ्याचं जे नाव, तेच मशीन या आज्ञेला सांगते. त्याचा रकाना कोरा, तेव्हा उत्तरही कोरंच यायला हवं होतं. उत्तर आलं होतं. लहान अक्षरांत, तिनं कधीच कुणाला न सांगितलेलं.

सोहम.

तिनं बाहेर पडल्याच्या वेळेचा रकाना पाहिला. रोज तिथं एका मिनिटानंतरची वेळ असायची.

आज तिथं लिहिलं होतं: अजून आत आहे.